डावीकडचा फ्लॅश

यंदाही नवतपा लागला. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस नुसतं भाजून काढायचं हा त्याचा नेम, आणि रायपूरचा सूर्य नेम चुकवत नाही. सकाळी नऊच्या आत आई खिडक्या लावून घेते, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्यांवर पाणी मारते, कूलरमध्ये पाइप सोडते आणि घरातला दिवस संपवून टाकते. बाहेर रस्ता पांढरा पडलेला असतो आणि आत आम्ही तिघं भरदुपारी अंधारात बसलेले असतो. ओल्या खसाचा वास, कूलरची घरघर, माठाच्या फडक्यातून बशीत टपटपणारं पाणी. पूर्वी या वासानं मला कैरीच्या पन्ह्याची तहान लागायची. तीन वर्षांपासून या वासानं कॅमेऱ्याचे फ्लॅश आठवतात.

मी माणसांचे फोटो काढते, त्यांच्या घरी जाऊन. लग्नाचे नाहीत, बारशाचे नाहीत, नुसते माणसांचे. आजोबा आपल्या खुर्चीत, आजी देवघराच्या दाराशी, असे. आमच्या गावात या कामाचा हंगाम म्हणजे नेमका नवतपा. पुण्या-बंगलोरला गेलेली पोरं सुट्टीला आलेली असतात. आई-वडील एकदम म्हातारे दिसायला लागलेत हे त्यांच्या ध्यानात येतं, आणि कोणाला तरी वाटतं की एखादा चांगला फोटो असावा. कशासाठी असावा ते कोणी बोलत नाही. मीही विचारत नाही. अडचण एवढीच, की त्या दिवसांत प्रत्येक घर अंधारलेलं असतं. एवढ्या उन्हाच्या गावात मला उजेड पिशवीत भरून न्यावा लागतो.

त्यासाठी तीन वर्षांपूर्वी मी तीन बिनतारी फ्लॅश घेतले. त्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावर एकच असायचा. तो समोरून मारला की भला माणूसही पोलीस ठाण्यात बसवल्यासारखा दिसायचा. आता बसणाऱ्याच्या उजवीकडे उजेड पसरवणाऱ्या छत्रीतला मोठा, डावीकडे गालाची कड उजळणारा लहान आणि पाठीमागे केसांवर रेघ ओढणारा तिसरा. कॅमेऱ्यावर एक डबी बसवायची, तिला ट्रिगर म्हणतात. तिनं हुकूम सोडला की तिघंही एकाच क्षणी पेटतात. निदान पेटायला हवेत. पण एखादा रुसतो. कधी सेल उतरलेले असतात, कधी चॅनल चुकलेलं असतं, कधी भनपुरीच्या कारखान्यांकडून उडत येणारी काळी धूळ सेलच्या टोकांवर बसलेली असते. म्हणून माझी एक पद्धत पडून गेली. फोटोच्या आधी ट्रिगरचं बटण दाबून एकेक फ्लॅश वेगळा पेटवायचा आणि समोर बसलेल्यालाच विचारायचं, "दिसला का?" माझं डोकं कॅमेऱ्याच्या आकड्यांत असतं, तो मान हलवतो, मी पुढे जाते. सोपी पद्धत आहे. अजूनही तीच आहे.

हे शिकायचं तर समोर बसायला कोणीतरी हवं होतं. आई दोन मिनिटांत "माही भाजी करपून राहिली" म्हणून उठायची. तिची भाजी कधीच करपत नाही, पण खुर्चीत बसवलं की करपायला लागते. राहिले बाबा.

बाबा मालगाडीचे गार्ड होते. आयुष्यभर शेवटच्या डब्यात एकटे बसून गेले, हातात हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि डोळे पुढच्या सिग्नलवर. रेल्वे त्यांचे डोळे ठरावीक वर्षांनी तपासायची. तपासणीहून आले की ते चपला काढायच्या आधीच दारातून सांगायचे, "डोये पास!" आम्हा पोरांचे निकाल लागायचे तेव्हाही घरात एवढा आनंद नसायचा. मग ते निवृत्त झाले. तपासणी थांबली, पास झाल्याचा रुबाब मात्र तसाच चालू राहिला. चष्मा फक्त पेपर वाचायला, आणि तोही आमच्या समाधानासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या नवतप्यात रोज दुपारी बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, आणि कांदा खाऊन झाला की बाबा वेताच्या खुर्चीत येऊन बसायचे. खाली लुंगी आणि वर कडक इस्त्रीचा शर्ट. फोटोत अर्धाच माणूस येतो हे पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. मी स्टँड लावायचे, छत्री उघडायचे, ती पंख्याला अडकायची, मी चिडायचे. मग बटण.

"उजवा. दिसला का?"

"हव, दिसला."

"मागचा?"

"भिंतीवर चमकला."

"डावा?"

बाबा जरा थांबायचे. मग म्हणायचे, "डावा नाही पेटला, बेटा."

मी उठायचे आणि सेल बदलायचे. रुमालानं टोकं पुसायचे. चॅनल पुन्हा लावायचे. त्या लहान फ्लॅशला मी काय काय बोलले आहे! स्वस्तातला घेतला की असंच होतं, हा मुळातच दगाबाज, याला परत केला पाहिजे. त्याच्या पाठीवर मी चिकटपट्टीची फुलीसुद्धा मारून ठेवली होती, आजारी जनावर ओळखू यावं तशी. आणि मग फोटो काढला की पडद्यावर बाबांचा डावा गाल लख्ख उजळलेला असायचा.

"बाबा, हा पाहा, पेटला न. तुमी डोये मिटले असान."

"असं?" बाबा कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ पाहायचे. "मंग मिटले असतीन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. त्यांचं आणखी एक होतं, मान सरळ राहायची नाही. बसले की हनुवटी हळूहळू डावीकडे वळायची. मी जाऊन दोन बोटांनी ती सरळ करायचे आणि परत कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत ती पुन्हा वळलेली. "बाबा, मान सरळ!" किती वेळा ओरडले असेन. ते म्हणायचे, "गार्डची मान हाय, वाकडीच राहीन. सारा जलम वाकून पाहण्यात गेला." मी हसायचे आणि पुन्हा दोन बोटं लावायचे. ती दोन बोटं मला आता फार छळतात. एक माणूस आपल्या चांगल्या डोळ्यानं मला नीट पाहायला मान वळवत होता, आणि मी ती परत फिरवत होते.

त्याच नऊ दिवसांत गुढ़ियारीत एका घरी काम होतं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, नवरा रेल्वेतच होता त्यांचा. नाकात मोठी नथ, अंगावर जरीचं लुगडं, आणि कूलरपुढे बसूनही कपाळावर घाम. मी डावा फ्लॅश पेटवला मात्र, आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"अवं माय! बाजूले वीज पडली का काय?"

"दादी, फ्लॅश है, बैठो ना," नात म्हणाली.

"मले दिसलं त मी बोलू नोको काय?" आजी तिच्यावरच डाफरल्या.

घरी येऊन मी ही नक्कल हातवाऱ्यांसह करून दाखवली. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वर्षाची हाय म्हातारी?"

"ऐंशीच्या वर."

"अन् तिले डावा दिसला?"

"मंग! नवे सेल टाकले होते न," मी म्हटलं आणि हातपाय धुवायला गेले.

इतकं सरळ विचारलं होतं त्यांनी. याहून सरळ ते विचारू शकत नव्हते, आणि मी सेलांचं उत्तर दिलं. माझ्या धंद्यातली खोट म्हणू की माझी, ते मला ठरवता येत नाही. समोरच्या चेहऱ्यावरची सुरकुती मला दिसते, चष्म्याच्या काचेतली छत्री दिसते, शर्टाचं एक बटण खालीवर लागलेलं दिसतं. पण "दिसला नाही" असं कोणी म्हटलं तर माझ्या मनात पहिल्यांदा यंत्रच येतं. यंत्र बिघडतं, ते दुरुस्त होतं, त्याची हमी असते. बाप बिघडेल असं कोणाच्या डोक्यात येतं?

पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर बाबांनी गल्लीच्या कोपऱ्यावर भाजीच्या ठेल्याला स्कूटर धडकवली. लागलं कोणालाच नाही, टोमॅटो तेवढे रस्ताभर झाले. "ठेला कुठून आला समजलंच नाही," बाबा म्हणत राहिले. तो ठेला मी शाळेत होते तेव्हापासून त्याच कोपऱ्यावर, त्याच डाव्या बाजूला उभा आहे. भाजीवाला भैया नुसता बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मला त्याच्याकडे बघवलं नाही. तो परका माणूस, पण त्याला तिथल्या तिथे कळलं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं. आतल्या आत इथे-तिथे उजेडाचे ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दारातल्या स्टुलावर बसून ऐकत होते. उजव्या डोळ्याच्या वेळी टक, टक, टक असा बरा आवाज येत होता. मग डावा. बराच वेळ काहीच नाही. यंत्र आपलं काम करत होतं, ठिपके चमकत असणार, आणि बाबांच्या हाताकडून काही आवाज नाही. मग एकाएकी टकटकटक सुरू झालं, घाईघाईनं.

"अंकल, बिना देखे मत दबाइए," तपासणारी ताई म्हणाली. "गलत आएगा."

"हाँ हाँ," बाबा म्हणाले. पुन्हा शांतता. त्या शांततेत मला उमगलं की मी हे सगळं आधी पाहिलेलं आहे. घरातल्या हॉलमध्ये, कूलरच्या आवाजात, नऊ दुपारी. हीच तपासणी मी तीन फ्लॅश लावून घेतली होती, निकालही माझ्या हातात आला होता, आणि त्याच्यावर मी चिकटपट्टीची फुली मारून ठेवली होती.

काचबिंदू. डाव्या डोळ्याचं जवळजवळ सगळं गेलेलं, उजव्याच्या कडा खायला सुरुवात झालेली. दुखत नाही, लाल होत नाही, चुपचाप जातो, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं. "घर में किसी ने नोटिस नहीं किया?" त्यांनी सहज विचारलं. आई रडायला लागली, "डॉक्टरसाहेब, ये बोलेच नहीं कभी." मी भिंतीवरच्या तक्त्यातली सर्वांत खालची ओळ वाचत उभी राहिले. ते बोलले होते, डॉक्टरसाहेब. एकदा नाही, रोज. मला बोलले होते. हे वाक्य जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं.

पुढच्या खेपेला मी एकटीच डॉक्टरांच्या मागे गेले. पाच-सहा महिने आधी आलो असतो तर? ते भले माणूस. म्हणाले, इतक्यानं फार फरक पडला नसता. मग थांबून म्हणाले, "शायद थोड़ा." त्या थोड्यात काय काय आलं असतं ते मी मोजत बसते. ठेल्याचा कोपरा आला असता, की पेपरातली एखादी ओळ?

त्या नवतप्यातले फोटो मी पुसलेले नाहीत. मोठे करून पाहते कधीकधी. चांगले आलेत, हेच वाईट आहे. केसांवर रुपेरी रेघ, गालाची कड उजळलेली, उजव्या बाजूनं छत्रीचा मऊ प्रकाश. आणि बाबांच्या डाव्या बुबुळात प्रत्येक फोटोत माझ्या लहान फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे. डोळ्यावर पोचलेला, आत न गेलेला.

शेवटी गेल्या हिवाळ्यात मी बोलले. अंगणातल्या उन्हात बाबा मटार सोलत बसले होते. आता ते हातानं चाचपून सोलतात, शेंग कानाशी फुटल्याचं ऐकून. मी सगळं सांगितलं. डावा पेटत होता, दर वेळी पेटत होता, तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. मला वाटलं रागावतील. रागवावं अशी माझी फार इच्छा होती.

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. म्हणाले, "मले कळून राहिलं होतं थोडंथोडं. पण तू सेल बदले न, तवा मले मोठं बरं वाटे. म्हटलं, पोट्टी शिकलेली हाय. थे म्हणते मशीन खराब, त मशीनच खराब असन."

मग टोपलीतले दाणे माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हे आईले देऊन ये."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी स्वतःला दोष देऊन मोकळी होणार होते, आणि त्यांनी मला आपल्याबरोबर बसवून घेतलं. दोघांना एकाच गोष्टीची भीती होती आणि दोघांनी मिळून एका गरीब फ्लॅशवर ती ढकलली. माफ केलं म्हणावं तर त्यांनी माफीचं नावही काढलं नाही.

आता रोज संध्याकाळी सातला मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. ते मान मागे टाकतात आणि गाडी सुटायच्या वेळेसारखं घड्याळ विचारतात. दर काही महिन्यांनी त्या घमेल्याच्या यंत्रात उजवा डोळा तपासायचा असतो. या वेळची तपासणी मात्र टळत चालली आहे. आधी म्हणाले लग्नसराई आहे, अभनपूरला जायचंय. मग म्हणाले, "नवतपा जाऊ दे, मंग जाऊ. इतक्या उन्हात कोन जाते?" आईनं त्यांची बाजू घेतली. मीही फार ओढून धरलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तो टकटक आवाज ऐकायचा नव्हता.

काल दुपारी जेवणं झाली आणि बाबा कपाटाशी काहीतरी शोधत होते. बाहेर आले तर अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. वेताच्या खुर्चीत येऊन बसले.

"काहून वं, औंदा बापाचा फोटो नाही काढत?"

तीन वर्षांत मी त्यांच्यासमोर फ्लॅश काढला नव्हता. पण ते एवढे नटून बसले होते, नाही कसं म्हणू? पिशवी आणली. स्टँड लावले, छत्री उघडली, ती सवयीनं पंख्याला अडकली, आणि आई आतून ओरडली, "तो पंखा पाडसान तुमी एक दिवस!" फुलीवालाही लावला, डावीकडेच. तो लावला नसता तर बाबांच्या लक्षात आलं असतं. त्यांची हनुवटी डावीकडे वळली होती. मी तिला हात लावला नाही.

"उजवा," मी म्हटलं आणि ट्रिगरचं बटण दाबलं. टक.

"हव, दिसला," बाबा लगेच म्हणाले.

मी कॅमेऱ्यातून त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही उजळलं नव्हतं. खोली होती तशी काळोखी होती. मी मान वळवून पाहिलं. उजवा फ्लॅश छत्रीत उभा होता, पण त्याचा लाल दिवा लागलेला नव्हता. गडबडीत मी तो चालूच केला नव्हता.

बाबा हसऱ्या तोंडानं समोर पाहत होते. खांदे ताठ, हात मांडीवर, तपासणीला बसल्यासारखे. त्यांनी बटणाचा आवाज ऐकला होता.

मी फ्लॅशपाशी गेले, स्विच लावला, परत आले. या वेळी बटण दाबलं तेव्हा सगळी छत्री पांढरी झाली, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरीसुद्धा चमकल्या.

"दिसला," बाबा म्हणाले. त्याच आवाजात, तितक्याच लगेच.

दोन्हींत काडीचा फरक नव्हता. कदाचित दुसरा खरंच दिसला असेल. एवढा मोठा उजेड, दिसलाच असेल. पण ते मला त्यांच्या तोंडून आता कधीच कळणार नव्हतं. पूर्वी मी उठून सेल बदलले असते. मी कॅमेरा खाली ठेवला, फोन घेतला आणि दवाखान्याचा नंबर लावला. नवतपा संपायची वाट पाहायची नाही, उद्याचंच द्या म्हटलं, सकाळचं पहिलं. मिळालं.

बाबा खुर्चीत तसेच बसून होते. कूलर घरघरत होता.

"उजवा चालू नव्हता काय पहिल्यांदा?" त्यांनी विचारलं.

"नव्हता, बाबा."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले,

"म्हटलं, तुले बरं वाटन."